‘अपुन’ आणि ‘अपन’ : रॅप करणाऱ्या मुलाच्या आईला

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा सतरा वर्षांचा, बारावीला, इंदुरातच भंवरकुआँला कोचिंग लावलेलं. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत कानाला हेडफोन लावून फोनमध्ये काहीतरी लिहीत बसतो. ढगळे टी-शर्ट, गळ्यात साखळी, बोलण्यात शिव्या. तुमच्या घरात भजनाची परंपरा, सासरे पेटी वाजवायचे, आणि हा म्हणतो की हेच माझं संगीत. तुम्ही विचारलंत, हे वेड आलं कुठून, याने मुलं बिघडतात का आणि घरच्यांनी काय करायचं.

मी इंदुरात रामबागेत तीस वर्षं तबला शिकवतो. मागच्या खोलीत शिष्यांचं वादन रेकॉर्ड करायला माइक आणि कॉम्प्युटर बसवला, त्याला आता दहा वर्षं होत आली. आज त्या खोलीत येणाऱ्यांत तबल्याचे विद्यार्थी कमी आणि रॅप करणारी मुलं जास्त असतात. त्यामुळे जे सांगतोय ते या मुलांबरोबर बसून, त्यांच्या ओळी ऐकून, खोडून, पुन्हा लिहवून घेऊन समजलेलं आहे.

रॅपने मूल बिघडत नाही. दुसऱ्याचं आयुष्य आपलं म्हणून सांगायची सवय लागली तर बिघडतं, आणि ही सवय रॅपमध्ये फार लवकर लागते. माझं सगळं उत्तर या एका गोष्टीभोवती आहे, म्हणून थोडं मागून सुरू करतो.

११ ऑगस्ट १९७३. न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागात १५२०, सेजविक ॲव्हेन्यू या इमारतीतली रहिवाशांची सामायिक खोली. सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीला शाळा उघडण्याआधी नवे कपडे घ्यायचे होते, म्हणून तिने पार्टी ठेवली. मुलींना पंचवीस सेंट, मुलांना पन्नास. गाणी लावायला तिचा मोठा भाऊ क्लाइव्ह, जमैकात जन्मलेला, अठरा वर्षांचा. जग त्याला कूल हर्क म्हणून ओळखतं. त्याच्या एक गोष्ट लक्षात आली होती. नाचणारी पोरं गाण्यातल्या एका ठरावीक तुकड्याची वाट बघतात. गायक थांबतो, बाकीची वाद्यं थांबतात आणि नुसते ड्रम उरतात, तो तुकडा. पण तो दहा-पंधरा सेकंदांत संपतो. हर्कने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलवर ठेवायला सुरुवात केली. एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवरचा सुरू, तेवढ्यात पहिली हाताने मागे फिरवून ठेवायची. दहा सेकंदांचा तुकडा हवा तितका वेळ चालायला लागला.

तबला वाजवणाऱ्याला हे ऐकताक्षणी कळतं. हा लेहरा आहे. आपल्याकडे पेटीवर किंवा सारंगीवर एकच ओळ फिरत राहते आणि तिच्यावर तबलजी आपलं म्हणणं मांडतो. तिथे ड्रमचा तुकडा फिरत राहिला आणि त्यावर माइकवरची माणसं नाचणाऱ्यांना हाका मारायला लागली, नावं घ्यायला लागली, दोन-दोन ओळी जुळवून टाकायला लागली. त्यातून रॅप उभं राहिलं. तुमचा मुलगा ज्याला ‘बीट’ म्हणतो तो लेहराच आहे. तुमच्या सासऱ्यांनी आयुष्यात कधी ना कधी कुणाला तरी लेहरा धरला असेल, तेव्हा ही वस्तू तुमच्या घराला तेवढी परकी नाही.

पण ती जन्मली का, हे जास्त महत्त्वाचं आहे. ब्रॉंक्सच्या मधून महामार्ग घातला होता, वस्त्या उठल्या होत्या. विम्याच्या पैशासाठी घरमालक स्वतःच्याच इमारतींना आगी लावत होते. १९७५ मध्ये न्यूयॉर्क शहराचाच दिवाळा निघायची वेळ आली आणि शाळांच्या खर्चाला कात्री लागली, त्यात संगीताचे तास गेले. हातात वाद्य नाही, मग घरातल्या जुन्या रेकॉर्डी हेच वाद्य. फुटपाथवर पुठ्ठा अंथरला की नाचायची जागा तयार. १९७१ मध्ये तिथल्या टोळ्यांनी बसून समेट केला होता. त्यानंतरच्या वर्षांत कितीतरी ठिकाणी मारामारीची खुमखुमी नाचाच्या आणि शब्दांच्या चढाओढीत जिरली. डीजे, माइकवरचा एमसी, ब्रेकिंग हा नाच आणि भिंतीवरची ग्राफिटी, ही या सगळ्याची, म्हणजे हिप हॉपची, चार अंगं. रॅप त्यातलं एक. मुलाला बाकीची तीन विचारून बघा, त्याला माहीत असतील तर त्याने नुसती फोनवरची रीळं बघितलेली नाहीत असं समजा.

घरात कुणी ‘हे काय संगीत आहे का’ म्हणालं तर दोन गोष्टी सांगता येतील. २०१८ चं संगीताचं पुलित्झर पारितोषिक केंड्रिक लमार या रॅपरला मिळालं, तोवर ते शास्त्रीय आणि जॅझच्या बाहेर गेलेलं नव्हतं. आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्रेकिंग हा खेळ म्हणून होता.

आपल्या देशात १९९०-९२ च्या सुमारास बाबा सहगलचं हिंदी रॅप आलं, ते हसतखेळत ऐकायचं होतं. मग बरीच वर्षं लग्नात आणि गाडीत वाजणारं पंजाबी वळणाचं रॅप चाललं. खरी कलाटणी मिळाली ती २०१३-१४ मध्ये मुंबईत. कुर्ल्याचा नेझी आणि अंधेरीचा डिव्हाइन यांनी आपल्या गल्लीची भाषा जशीच्या तशी माइकवर आणली. नेझीने आपलं पहिलं गाजलेलं गाणं आयपॅडवर बनवलं होतं, स्टुडिओ नव्हता. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला, २०१९ मध्ये या मुलांच्या आयुष्यावरून सुचलेला मोठा हिंदी सिनेमा आला, २०२३ मध्ये पुण्याच्या वस्तीतून आलेला एमसी स्टॅन बिग बॉस जिंकला. तुमचा मुलगा या सगळ्यात वाढला. त्याला हे वेड लागलं यात नवल काहीच नाही.

आता इंदूरकडे येतो.

माझ्याकडे नवीन आलेला मुलगा पहिल्या दिवशी जे ऐकवतो त्यात हमखास एक शब्द असतो, ‘अपुन’. अपुन ऐसा, अपुन वैसा. आता सांगा, इंदुरात ‘अपुन’ कोण म्हणतं? सराफ्यात म्हणत नाहीत, राजवाड्यावर म्हणत नाहीत, छप्पन दुकानला म्हणत नाहीत. इथे ‘अपन’ म्हणतात. अपन तो निकल्ये भिया. त्या एका उकारात मुलगा इंदूर सोडून जवळपास सहाशे किलोमीटर लांब मुंबईला जातो, आणि मग त्याच्या मागोमाग सगळंच तिकडचं येतं. लोकल, चाळ, समुद्र, पोलीस मागे लागलेले, खिशात चाकू. पोरगा राहतो विजयनगरच्या फ्लॅटमध्ये, आई डब्यात पोहे देते, बाप बँकेत. मी त्याला रागावत नाही. एवढंच विचारतो, ‘तू कुठला?’

हिप हॉपचा मूळ प्रश्न हाच आहे. तू कुठला, कुणाचा, तुझ्या दाराबाहेर काय दिसतं. ब्रॉंक्सच्या पोरांनी आपल्या रस्त्यांची नावं घेतली, कुर्ल्याच्या पोराने कुर्ल्याचं नाव घेतलं. त्यांची नक्कल करायची तर पत्त्याची करून चालत नाही, खरेपणाची करावी लागते. जो मुलगा रोज रात्री दोन तास मी गुंड आहे, मी भुकेला आहे, मला कुणी नाही असं घोकतो, तो हळूहळू घरातल्या माणसांशीही तसंच वागायला लागतो. मी हे डोळ्यांनी बघितलं आहे. तुम्ही ज्याला बिघडणं म्हणता ते इथून सुरू होतं. साखळीचा आणि टी-शर्टचा त्यात काही दोष नाही, त्याकडे दुर्लक्ष करा.

आपल्या मराठी मुलांना हा प्रश्न जास्तच जड जातो. घरात मराठी, गल्लीत माळव्याची हिंदी, शाळेत इंग्रजी. त्यातलं मराठीही पुण्याचं नाही. आपण ‘येऊन राहिलो’ म्हणतो, ‘सांगून दिलं’ म्हणतो. माझ्याकडचा एक मुलगा मराठीत चार ओळी लिहून आणायचा आणि माइकसमोर आला की हिंदीत बोलायचा. खोदून विचारलं तेव्हा कळलं की उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याच्या मावसभावंडांनी त्याच्या मराठीची टिंगल केली होती. तेव्हापासून मराठी घराच्या उंबऱ्याच्या आत. मी त्याला म्हटलं, होळकर इथे आले अठराव्या शतकात, १८१८ नंतर राजधानी महेश्वरहून इंदुरात आली, तेव्हापासून ही भाषा या गल्ल्यांत माळवीशेजारी झोपते-उठते. तिच्यात माळवीचा वास येणारच. तो वास दुसऱ्या कुठल्या रॅपरकडे नाही. एकाच ओळीत माळव्याचं ‘हओ’, म्हणजे ‘हो’, आणि आपलं ‘राहिलो’ दोन्ही सहज येणारा मुलगा फक्त इथेच सापडेल.

एका मुलाची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण तुमच्या मुलाबरोबर काय करता येईल ते त्यातून दिसेल.

परदेशीपुऱ्याकडून यायचा. पहिल्या दोन महिन्यांत त्याने पाच गाणी आणली, पाचही बंदुकीवर. मी विचारलं, घरात कोण कोण आहे. आई, बाबा, आजोबा. आजोबा काय करायचे? गिरणीत होते. आता काय करतात? ‘काही नाही सर, सकाळी सहाला उठून कपडे करून बसतात.’ मी म्हटलं, हे लिही. त्याला पटेना. ‘यात काय आहे लिहिण्यासारखं?’

इंदूरच्या बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, हे शहर कापडगिरण्यांवर वाढलं. अनंत चतुर्दशीला इथे रात्रभर झांक्या, म्हणजे सजवलेले देखावे, निघतात, त्या गिरण्यांतूनच सुरू झाल्या. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली आणि तिथल्या कामगारांच्या थकलेल्या पैशांचा, २२४ कोटींचा, निकाल लागायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. चार हजार आठशेच्या आसपास कामगार कुटुंबं. बत्तीस वर्षं. एका पिढीचं सगळं म्हातारपण त्यात गेलं. त्या मुलाचे आजोबाही अशाच एका बंद पडलेल्या गिरणीतले. ही मुंबईची गोष्ट नाही, आपली आहे, आणि त्याच्या घरातल्या खुर्चीवर बसलेली होती.

तिसऱ्या दिवशी त्याने दोन ओळी आणल्या.

आजोबा रोज सकाळी गेटकडे बघतात
बंद गिरणीचा भोंगा अजून ऐकतात

विषय आला, पण ओळ बसली नाही. इथे आमच्या कामातली एक अडचण सांगायला हवी, कारण बहुतेक मुलांची गाडी तिथेच अडते. मराठीत आणि हिंदीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. त्यामुळे यमक आपोआप क्रियापदावर पडतं, आणि क्रियापदांचे शेवट सगळे एकसारखे. बघतात, ऐकतात, येतात, जातात. है, था, रहा है. ऐकणाऱ्याच्या कानाला पुढचं यमक आधीच कळलेलं असतं, मग ओळ पडते तेव्हा काही घडत नाही. इंग्रजीत नाम शेवटी येऊ शकतं, म्हणून तिकडच्या रॅपरला शेवटी वाटेल तो शब्द ठेवता येतो. आपल्याला त्यासाठी वाक्य वाकवावं लागतं. क्रियापद आत ओढायचं, शेवटी नाम किंवा सर्वनाम ठेवायचं आणि शक्य तिथे दोन-तीन अक्षरांचा नाद जुळवायचा. जुने शाहीर हे करायचेच, बोलीत ते चालतंही. आपण रागात असलो की असंच बोलतो, ‘कुठे होतास तू इतका वेळ?’

त्याला मी एवढंच सांगितलं की ‘तात’ वर ओळ संपवायची नाही. चार दिवस तो रुसला. मग हे घेऊन आला.

भोंगा थांबला, थांबलं नाही घड्याळ आजोबांचं
सहाला उठून बसतात, काय काम आज त्यांचं?

‘आजोबांचं’ आणि ‘आज त्यांचं’. तोंडाने म्हणून बघा. सगळा शेवट कसा एकावर एक बसतो, आणि यमकासाठी शब्द ओढून आणलेला नाही. त्या दिवशी मी उठून त्याच्या पाठीवर थाप मारली. तबल्याच्या विद्यार्थ्याला पहिल्यांदा स्वतःची तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून समेवर यायचा तुकडा, सुचते तेव्हा जसा आनंद होतो तसाच मला झाला.

लयीबद्दलही बोलतो, कारण घरच्या मोठ्यांना वाटतं की यात शिकण्यासारखं काही नाही, नुसतं भरभर बोलायचं. साधा हिशेब बघा. नव्वदच्या लयीची बीट, म्हणजे मिनिटाला नव्वद मात्रा. चार मात्रांचा एक बार. सोळा बारचं एक कडवं. म्हणजे चौसष्ट मात्रा, बरोबर सोळा मात्रांच्या तीनतालाची चार आवर्तनं, साधारण त्रेचाळीस सेकंद. प्रत्येक मात्रेत चार अक्षरं टाकली तर सेकंदाला सहा अक्षरं, तीही स्पष्ट, तीही अर्थासकट. मध्ये श्वास कुठे घ्यायचा ते आधी ठरवलेलं नसेल तर तिसऱ्या बारला मुलगा धापा टाकतो. माइकवर ते लपत नाही.

म्हणून मी त्यांना पढंत करायला लावतो. इंदूर हे नाना पानशांचं गाव. होळकर दरबारचे हे पखवाजिये, त्यांची परंपरा इथून देशभर गेली. आपल्याकडे हाताने वाजवायच्या आधी बोल तोंडाने म्हणायचे, टाळी धरून. हीच शिस्त रॅपला लागू पडते. बीट बंद, टाळी धरायची आणि ओळी म्हणायच्या. आधी ठाय, म्हणजे संथ, मग दुगुन, म्हणजे दुप्पट लयीत. अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या रॅपमधून एका मात्रेत तीन अक्षरं टाकायची चाल जगभर पसरली, मुलं तिला ‘ट्रिपलेट फ्लो’ म्हणतात. आपली तिश्र जाती. तकिट तकिट असं चार दिवस म्हणवून घेतलं की मुलाला ती चाल हवी तिथे आणता येते आणि हवी तिथे सोडता येते. नुसतं ऐकून नक्कल करणाऱ्याला आणता येते, सोडता येत नाही.

आणि तो जो खालचा घुमारा, ज्याने तुमच्या घराच्या खिडक्या थरथरत असतील, तो मूळचा एका जपानी यंत्राचा. रोलंड कंपनीने १९८० मध्ये ‘८०८’ नावाचं ड्रम मशीन काढलं, तीनेक वर्षांत बंदही केलं. जुनी यंत्रं स्वस्तात विकली गेली, ती रॅप करणाऱ्यांच्या हाती पडली आणि त्यांनी त्या खर्जाचं सोनं केलं. आजकाल तो खर्ज एका सुरावरून दुसऱ्यावर घसरवतात. माझ्याकडची मुलं तो आवाज ऐकून वेडी होतात. मी डग्गा पुढे ओढून घिस्सा मारून दाखवतो, म्हणजे तळवा घासत सूर घसरवतो. पहिल्यांदा दाखवला तेव्हा एक मुलगा म्हणाला, ‘सर, हे तर प्लगइनशिवाय!’ प्लगइन म्हणजे कॉम्प्युटरवर आवाज घडवायचं सॉफ्टवेअर. त्याने पुढे दीड वर्ष तबला शिकला.

इथे एक सावधगिरीची सूचना. ‘हे सगळं आमच्याकडे आधीपासून होतं’ असं मुलाला म्हणू नका. ते खरं नाही, आणि मुलगा तुमच्यापासून लांब जाईल. रॅप ब्रॉंक्सच्या काळ्या आणि लॅटिनो मुलांनी घडवलं, त्याचं श्रेय त्यांचं. मात्र आपला कान या गोष्टीला तयार आहे, हे म्हणता येतं. महाराष्ट्रात कलगी-तुऱ्याचे सामने व्हायचे, एकाने कोडं घालायचं, दुसऱ्याने जागच्या जागी रचून उत्तर द्यायचं. आपल्या माळव्यातही तुर्रा-कलंगी आहे. तुकनगीर आणि शाह अली या दोन फकिरांची रंगलेली चढाओढ बघून चंदेरीच्या राजाने एकाला तुरा दिला, दुसऱ्याला कलगी, अशी कथा सांगतात. एक हिंदू, एक मुसलमान, आणि दोघांची भांडणं पद्यात. ही गोष्ट मी मुलांना रॅप बॅटलच्या आधी सांगतो. समोरच्याला शब्दाने पाडायचं असेल तर तो काय म्हणाला ते आधी नीट ऐकावं लागतं. घरून पाठ करून आणलेली शिवी तिथे उपयोगाची नसते.

शिव्यांवर आता बोलायलाच हवं. तुमची काळजी जुनीच आहे. अमेरिकेत १९८५ मध्ये काही आयांनी पुढाकार घेऊन गाण्यांतल्या भाषेवर आवाज उठवला, त्यातून रेकॉर्डवर पालकांसाठी इशाऱ्याची पट्टी छापायची पद्धत आली. पट्टीने मुलांचं ऐकणं थांबलं नाही. मी बंदी घालत नाही. मी मुलाला सांगतो, शिवीच्या जागी गप्प बसून ओळ म्हण. ओळ उभी राहिली तर शिवी मात्रा भरायला आली होती, काढून टाक. ओळ कोसळली तर ती तिथे खरंच लागते, मग आपण बोलू. दहातल्या नऊ निघून जातात. एक नियम मात्र पक्का आहे: आई-बहिणीवरून दिलेली शिवी माझ्या माइकवर जात नाही. मुलींना वस्तू म्हणून बघणाऱ्या ओळीही नाहीत. रॅपमध्ये हा रोग आहे, मोठमोठ्या नावांना आहे, आणि तो मी झाकणार नाही.

त्याचा एक परिणाम असा की मुली माझ्याकडे फार कमी येतात. ज्या येतात त्यांचं लिहिणं मुलांपेक्षा जास्त खरं असतं, हे मी कौतुक म्हणून सांगत नाही, काम बघून सांगतो. त्यातली एक दुपारीच येते, संध्याकाळची परवानगी नाही. नुसता आवाज टाकते, चेहरा नाही, कारण खाली लोक काय लिहितात ते तिने बघितलं आहे. तिची गाणी तिच्या घरी अजून कुणी ऐकलेली नाहीत. ज्या पार्टीपासून हे सगळं सुरू झालं ती एका मुलीने ठेवली होती, आणि १९७९ मध्ये रॅपची पहिली मोठी गाजलेली रेकॉर्ड काढणारी कंपनी सिल्व्हिया रॉबिन्सन या बाईने उभी केली होती. हे मी तिला सांगितलं तेव्हा तिने ती दोन नावं वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवली.

आता तुमचा तिसरा प्रश्न, घरच्यांनी काय करायचं.

अभ्यास सोडू देऊ नका. मी आजवर एकाही मुलाला तसं सांगितलेलं नाही. या कामात पैसा फार थोड्यांना मिळतो आणि उशिरा मिळतो. पण याच खोलीतून दोन मुलं ध्वनिमुद्रण शिकायला गेली आणि आज मिक्सिंग करून घर चालवतात, तेव्हा दार अगदीच बंद आहे असंही नाही. रात्रीचं जागणं मात्र थांबवा, आणि भांडून नको. वेळ ठरवून द्या. संध्याकाळचा एक तास त्याचा, दार लावून, मोठ्याने. लपून करायची गोष्ट उघडपणे करता आली की रात्री दोनची गरज बरीचशी संपते. हेडफोनमधले शब्द शेजारी बसलेल्या माणसाला ऐकू येत असतील तर आवाज जास्त आहे, तो कमी करायला लावा. कान गेला की सगळंच गेलं.

इंटरनेटवरून फुकट उतरवलेल्या बीटवर गाणं टाकत असेल तर आधी परवानगीच्या अटी वाचायला सांगा. माझ्या एका विद्यार्थ्याचं गाणं बऱ्यापैकी चाललं आणि दोन महिन्यांनी बीट बनवणाऱ्याने हक्क सांगितला. अटीत लिहिलेलं होतं, याने वाचलं नव्हतं. गाणं काढावं लागलं. बिचारा आठवडाभर जेवला नाही. त्यापेक्षा स्वतः बीट बनवायला शिकलेलं बरं, फोनवरही जमतं.

आणि ऐका. हे सगळ्यात अवघड आहे. एकदा त्याला म्हणा, बीट न लावता मला वाचून दाखव. तो लाजेल, नाही म्हणेल, परत दोन दिवसांनी विचारा. वाचेल तेव्हा मध्ये बोलू नका, शिवी आली तरी. संपल्यावर ‘छान’ म्हणू नका, ‘हे काय’ असंही म्हणू नका. त्यातल्या एका ओळीबद्दल विचारा, ही कुणाबद्दल आहे? उत्तर देता आलं तर मुलगा ठीक आहे. देता आलं नाही तर त्याला स्वतःलाच ते कळेल.

परदेशीपुऱ्याच्या मुलाने ते गाणं पूर्ण केलं, सोळा बारची दोन कडवी. घरी ऐकवायला घाबरत होता. शेवटी आजोबांनाच माझ्याकडे घेऊन आला. ते त्या खोलीत टोपी मांडीवर ठेवून बसले, हेडफोन मीच लावून दिला. पूर्ण ऐकलं. मग नातवाला म्हणाले, ‘भोंगा सहाला नव्हता रे. पहिला साडेपाचला व्हायचा, सहाचा दुसरा.’ आणि मग पाऊण तास ते बोलत राहिले. कुठल्या खात्यात कोण होतं, कापसाची धूळ छातीत कशी जायची, झांकीसाठी कोण वर्गणी काढायचं. मुलाने फोनवर सगळं रेकॉर्ड करून घेतलं. दुसऱ्या गाण्यात तो साडेपाचचा भोंगा आला आहे.

तुमच्या मुलाला रविवारी सकाळी पाठवा, दहानंतर कधीही. कोचिंग बुडवून नको. येताना एक वही आणायला सांगा आणि लिहिलेलं त्यात उतरवून घ्यायला सांगा. फोनमध्ये खोडलेल्या ओळी दिसत नाहीत, आणि मला आधी त्याच बघायच्या असतात.